ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नव्यानं बांधणं आणि मजबूत करणं : नागपूरकर गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

ही माहिती कोणत्या गाड्यांना लागू आहे?

ज्यात टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून बॉक्सकडे नेणारा भाग), प्लॅनेटरी गिअर आणि तेलात बुडालेल्या क्लच प्लेटा असतात, त्या खऱ्या ऑटोमॅटिकला. बीएमडब्ल्यूत येणारे झेडएफ या जर्मन कंपनीचे ६एचपी आणि ८एचपी, फोर्ड एंडेव्हर ३.२ मधला ६आर८० (हा झेडएफ ६एचपी२६ च्याच रचनेवर बेतलेला आहे), फॉर्च्युनर आणि क्रिस्टामधले आयसिनचे सहा गिअरवाले, हे सगळे त्यात आले. एएमटी, सीव्हीटी आणि दोन क्लचवाली डीएसजी ही वेगळी जात. त्यांच्यासाठी इथलं काही वापरू नका, विशेषतः तेल आणि प्रेशरचं.

गाडी झटके मारते, कधी स्लिप होते. लगेच बॉक्स उतरवायचा का?

नाही. आधी बॅटरी बघा. उन्हाळ्यात इथे बॅटऱ्या लवकर बसतात, आणि व्होल्टेज पडलं की गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर चक्रावतो. गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. मग इंजिनचा मिसफायर, चाकांचे स्पीड सेन्सर, इंजिन-गिअरबॉक्सचे माउंटिंग तपासा. ६० ते ८० च्या वेगात, हलक्या पायानं चालवताना गाडी रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथरली, तर बहुतेक वेळा तो लॉकअप क्लचचा (कन्व्हर्टरमधलं घसरणं थांबवून तो घट्ट जोडणाऱ्या क्लचचा) दोष असतो; त्यापायी कॉइल आणि प्लग बदलून बसलेले लोक कमी नाहीत.

त्यानंतर स्कॅनर लावा. नुसते कोड वाचून थांबू नका, अ‍ॅडॅप्टेशनचे आकडेही वाचा. प्रत्येक क्लच भरायला किती प्रेशर आणि किती वेळ लागतो, ते कॉम्प्युटर स्वतः शिकत असतो. एखाद्या क्लचचा आकडा मर्यादेला टेकला असेल, तर तिथे प्लेट झिजली आहे किंवा तेल गळतंय. शेवटी चेंबर (बॉक्सच्या तळाचं तेलाचं भांडं) उतरवून त्यातलं चुंबक बघा. करड्या रंगाची मऊ पेस्ट चालते. चमकणारे कण, पितळी चुरा, काळे कागदासारखे तुकडे दिसले तर मात्र बॉक्स खोलायचाच.

न खोलता कोणता क्लच गेला, हे कळतं का?

६एचपी आणि त्याच घराण्यातल्या बॉक्समध्ये बऱ्यापैकी कळतं. यात पाच क्लच असतात आणि प्रत्येक गिअरला त्यातले दोन लागतात. ए क्लच पहिल्या ते चौथ्या गिअरपर्यंत धरतो. बी हा तिसरा, पाचवा आणि रिव्हर्समध्ये. सी दुसऱ्या आणि सहाव्यात. डी पहिल्यात आणि रिव्हर्समध्ये. ई चौथा, पाचवा, सहावा.

आता कोडं सोडवा. चौथा-पाचवा-सहावा तिन्ही स्लिप होतात आणि खालचे ठीक आहेत, तर ई. रिव्हर्स उशिरा लागतो आणि तिसऱ्यात इंजिन उगाच भणभणतं, तर बी. पहिले चारही ढिले पण पाचवा, सहावा आणि रिव्हर्स घट्ट, तर ए. सगळेच गिअर ढिले असतील तर क्लचवर आळ घेऊ नका. पंप, फिल्टर, मुख्य प्रेशर रेग्युलेटर किंवा कमी तेल यांपैकी काहीतरी आहे.

६आर८० मध्ये पहिल्या गिअरला आणखी एक वन-वे क्लच असतो, म्हणून डी गेला तरी गाडी पुढे उचलते, फक्त रिव्हर्स जातो.

बॉक्स जातो तो नेमका कशामुळे? टॉर्कमुळे ना?

बहुतेक वेळा नाही. उष्णतेमुळे आणि आतल्या गळतीमुळे. शाफ्ट तुटून आलेले बॉक्स मोजके. प्लेटा जळून आलेले मात्र ढिगानं. साखळी अशी असते: तेल तापतं, रबरी सील कडक होतं, क्लचच्या पिस्टनमागचं प्रेशर निसटतं, प्लेट पूर्ण आवळली जात नाही, ती घसरते, घसरल्यानं आणखी तापते. दुकानात येतो तेव्हा जळलेली प्लेट दिसते आणि तीच बदलली जाते. गळती तशीच राहते. सहा महिन्यांत तोच क्लच पुन्हा जळतो आणि खापर फुटतं पार्टवर.

तेलाबद्दल धंद्यात एक ठोकताळा आहे : ८० अंशांच्या वर साधारण दर ११ अंशांना तेलाचं आयुष्य अर्ध्यावर येतं. म्हणजे १०२ अंशांवर सतत चालणारं तेल पाव आयुष्यात संपतं. नवतपात नागपुरात हवाच ४५ च्या घरात असते, त्यात एसीच्या कंडेन्सरमधून निघालेली गरम हवा तेलाच्या कूलरवर जाते. थंड प्रदेशासाठी लिहिलेलं सर्व्हिसचं वेळापत्रक इथे जसंच्या तसं लावणं म्हणजे स्वतःची फसवणूक. काही गाडी कंपन्या ‘आजीवन तेल’ म्हणतात. पण खुद्द झेडएफ ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांत तेल बदलायला सांगते. नागपूर-विदर्भात चालणाऱ्या, त्यातही रीमॅप केलेल्या (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या) गाडीला आम्ही ५०,००० च्या पुढे जाऊ देणार नाही.

इंजिन रीमॅप केलं आहे. बॉक्स किती सहन करेल?

झेडएफच्या नावातच अंदाज दिलेला असतो. ८एचपी४५ म्हणजे साधारण ४५० न्यूटन मीटर, ८एचपी७० म्हणजे ७००. ६एचपी१९ साठी ४००, ६एचपी२६ साठी ६०० धरतात. हा कंपनीनं लाखो किलोमीटरच्या हिशेबानं धरलेला आकडा आहे, त्यामुळे थोडी सवड असते. पण इंजिनचा टॉर्क आणि बॉक्सच्या आत पोचणारा टॉर्क एक नसतो. गाडी उभी असताना पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला की कन्व्हर्टर टॉर्क जवळपास दुप्पट करतो. ५०० न्यूटन मीटरचे १,००० झाले. ६एचपी२६ चा पहिला गिअर ४.१७१ चा, घर्षण सोडून दिलं तर मागच्या शाफ्टवर ४,१७१ न्यूटन मीटर. म्हणून वर्धा रोडवर ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकत्र दाबून दाखवलेली एक ‘लाँच’ ही पाचव्या गिअरमधल्या पूर्ण ताकदीपेक्षा कितीतरी महाग पडते.

आणि एक. शिफ्टच्या क्षणी इंजिनचा टॉर्क थोडा कमी करायची विनंती गिअरबॉक्स इंजिनच्या कॉम्प्युटरला करत असतो. काही स्वस्त रीमॅपमध्ये ही विनंतीच बंद केलेली असते, किंवा टॉर्कचा खोटा आकडा बॉक्सला कळवला जातो. बॉक्स ४०० समजून प्रेशर ठेवतो आणि येतात ५५०. अशा गाडीत सोन्याच्या प्लेटा घातल्या तरी जळतील.

मजबुतीवर पैसे कोणत्या क्रमानं घालावेत?

कूलिंग आणि तेल सगळ्यात आधी. मग व्हॉल्व्ह बॉडीची (तेलाचं प्रेशर क्लचांना वाटणाऱ्या भागाची) गळती. मग कन्व्हर्टर, मग क्लच. बिलेट (एकसंध धातूतून कोरलेले) शाफ्ट, ड्रम वगैरे सगळ्यात शेवटी, आणि तेही तुमचा टॉर्क खरोखर बॉक्सच्या आकड्यापेक्षा दीडपट वगैरे झाला असेल तर. बहुतेक जण उलटीकडून सुरुवात करतात, कारण शाफ्टचा फोटो छान येतो. अपवाद आहेत : ६एचपी मध्ये ए क्लचचा ड्रम जास्त टॉर्कला तडकल्याची उदाहरणं आहेत, तेव्हा बॉक्स खोललाच आहे तर ड्रम धुऊन, उजेडात धरून, शक्य असेल तर डाय पेनिट्रंट (बारीक तडा दाखवणारा रंग) मारून तपासा.

जास्त प्लेटा घातल्या तर क्लच किती वाढतो?

हिशेब सोपा आहे. क्लचची पकड म्हणजे घर्षणांक, घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या, पिस्टनवरचा जोर आणि प्लेटची सरासरी त्रिज्या यांचा गुणाकार. त्रिज्या बदलत नाही. सहा फ्रिक्शन प्लेटांचे (दोन्ही बाजूंना घर्षणाचं अस्तर असलेल्या, मधेमधे साध्या स्टील प्लेटा) बारा पृष्ठभाग. सातवी घातली की चौदा. म्हणजे सुमारे १७ टक्के वाढ, प्रेशरला हात न लावता.

जागा कुठून काढायची, हा खरा प्रश्न. एकतर पातळ स्टील प्लेटा घालायच्या, नाहीतर शेवटची जाड प्रेशर प्लेट किंवा पिस्टन मशीनवर उतरवायचा. पातळ स्टीलचा तोटा कुणी सांगत नाही : शिफ्टच्या क्षणी निर्माण होणारी उष्णता स्टीलच साठवून ठेवते. स्टील पातळ, तर ती लवकर तापते, निळी पडते आणि वाकते. एका जोरदार धावेला पकड जास्त, पण कामठी रोडच्या ट्रॅफिकमध्ये दिवसभर चालवायला जुनी जाड स्टीलच बरी. रोजच्या गाडीत आम्ही मूळ संख्येच्याच पण चांगल्या दर्जाच्या फ्रिक्शन प्लेटा (रेबेस्टॉस, अल्टो, बोर्गवॉर्नर यांच्या) आणि मूळ जाडीच्या नव्या स्टील सुचवतो. जुन्या स्टील घासून परत घालू नका. सपाट काचेवर ठेवून फिलर गेज घातला की किती वाकल्या आहेत ते कळेल.

लाइन प्रेशर (बॉक्समधल्या तेलाचं मुख्य प्रेशर) वाढवून घेतलं तर शिफ्ट कडक होते. मग तेच का नको?

दहा-पंधरा टक्के चालतं. त्यापुढे प्रत्येक टक्क्याची किंमत कुठेतरी चुकती होते : पंपावर भार, जास्त उष्णता, पिस्टनची सीलं, ड्रमच्या सर्क्लिपचा खाचा, फुगणारा कन्व्हर्टर. कडक शिफ्ट म्हणजे मजबूत शिफ्ट, हा गैरसमज जुन्या हायड्रॉलिक बॉक्सच्या काळापासून चालत आला आहे. प्लेट कमीत कमी वेळ घसरली पाहिजे, हे खरं. पण मानेला झटका बसला म्हणजे तसं झालंच, असं नाही. तो झटका बऱ्याचदा दोन क्लच एकाच वेळी धरल्याचा असतो, आणि त्यात दोन्ही झिजतात.

व्हॉल्व्ह बॉडीत एवढं काय असतं?

बॉक्सचा निम्मा आजार तिथेच असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या बोअरमध्ये कडक कोटिंगचे व्हॉल्व्ह सेकंदाला कितीतरी वेळा हलतात. झिजतो तो बोअर. मुख्य प्रेशर रेग्युलेटर आणि लॉकअप रेग्युलेटर यांचे बोअर आधी जातात, कारण ते सतत काम करत असतात. व्हॅक्यूम लावून प्रत्येक बोअर तपासायचा. डोळ्यांनी ही झीज दिसत नाही. झिजलेल्या बोअरला रीमर मारून मोठ्या मापाचा व्हॉल्व्ह किंवा स्लीव्ह बसवता येतो. सोनॅक्ससारख्या कंपन्या त्यासाठी रीमरसकट किट देतात. लेथवरच्या साध्या रीमरनं हे काम करून घेऊ नका. हिंगण्याच्या एमआयडीसीत उत्तम टर्नर आहेत, पण इथे मापाची सूट इतकी कमी असते की योग्य जिग नसेल तर अख्खी व्हॉल्व्ह बॉडी भंगारात जाते.

६एचपी मध्ये तीन स्वस्त गोष्टी न चुकता बदला : मेकाट्रॉनिक (व्हॉल्व्ह बॉडी आणि तिचा कॉम्प्युटर एकत्र) आणि बॉक्स यांच्यातला ब्रिज सील, तेल नेणाऱ्या रबरी नळ्या, आणि वायरिंगच्या कनेक्टरची ओरिंगसकट स्लीव्ह. चेंबरच्या उजव्या-मागच्या बाजूला तेलाचा ओघळ दिसला की लोक चेंबर पॅकिंग बदलतात. गळते ती ही स्लीव्ह. ६आर८० मध्ये तसाच नेहमीचा गुन्हेगार म्हणजे व्हॉल्व्ह बॉडीवरची लीड फ्रेम (आतल्या वायरिंगची पट्टी). तिच्यामुळे स्पीड सेन्सरचा सिग्नल मध्येच तुटतो आणि गाडी चालत्यात अचानक खालच्या गिअरवर येऊ शकते. धोक्याची गोष्ट आहे, कोड आल्यावर चालढकल करू नका.

व्हॉल्व्ह बॉडीचे बोल्ट मधून बाहेर, आडवे-तिरपे, दोन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं आवळायचे. ‘हाताच्या अंदाजानं’ आवळलेली बॉडी वाकते आणि व्हॉल्व्ह अडकतो. मग नवा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) खराब आला म्हणून ओरड.

कन्व्हर्टर बदलायचा की कापून दुरुस्त करायचा?

बॉक्सच्या प्लेटा जळल्या असतील तर जुना कन्व्हर्टर जसाच्या तसा परत बसवणं हा गुन्हा समजा. त्याच्या पोटात दोन-अडीच लिटर किंवा जास्त काळं तेल आणि चुरा असतो, आणि तो धुऊन पूर्ण निघत नाही. कापून, आतलं अस्तर बदलून, वेल्ड करून, बॅलन्स करणारा कारखाना हाताशी असेल तर दुरुस्ती चालते. तिथे तीन गोष्टी विचारा : पंख्यांच्या पात्या फर्नेस ब्रेझिंगनं पक्क्या केल्या का, लॉकअपचं अस्तर कोणतं लावलं, आणि वेल्डनंतर हब किती फिरकतो ते डायल गेजनं मोजलं का. हब वाकडा असेल तर पंपाचा बुश आणि पुढचं सील काही हजार किलोमीटरमध्ये जातं.

डिझेल एसयूव्हीला उंच स्टॉलचा (जास्त आरपीएमवर पकडणारा) कन्व्हर्टर घालू नका. त्या इंजिनचा टॉर्क खालच्या आरपीएमवरच येतो, आणि कन्व्हर्टर जितका जास्त घसरेल तितकी उष्णता. लॉकअप मजबूत करण्यात पैसा घालावा.

बांधणीच्या जागेबद्दल काय काळजी घ्यायची?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, म्हणून थोडं सविस्तर. सोलेनॉइडच्या जाळ्या आणि व्हॉल्व्हच्या फटी इतक्या बारीक असतात की कापसाचा एक धागा गिअर अडकवू शकतो. नेहमीचं बनियन वेस्ट बाजूला ठेवा. धागा न सोडणारं कापड किंवा कागदी टॉवेल घ्या. भाग डिझेलमध्ये धुऊन तसेच बसवू नका, शेवटचा हात ब्रेक क्लीनरचा आणि कोरड्या हवेचा. कॉम्प्रेसरला पाणी गाळणारा ट्रॅप हवाच, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये.

मे महिन्यात दार उघडं ठेवून काम केलं तर लू बरोबर धूळ आत येते. दार लावून डेझर्ट कूलर सुरू केला तर ओली हवा आणि खसाचे तंतू. नव्या स्टील प्लेटांवर एका रात्रीत तांबूस छटा येते आणि फ्रिक्शन प्लेटांचा कागद ओल शोषतो. उपाय साधा आहे : प्लेटा पाकिटातच ठेवा, बसवण्याआधी किमान अर्धा तास, शक्यतो जास्त, नेमलेल्या तेलात बुडवा, आणि जुळणी सकाळी सहा ते दहामध्ये उरका.

थ्रस्ट वॉशर आणि ओरिंग जागेवर चिकटवायला पांढरी व्हॅसलिन वापरा. बेअरिंगचं ग्रीस तेलात विरघळत नाही. ते गोळ्या होऊन फिल्टरमध्ये जातं. सिलिकॉन तर बाटलीसुद्धा टेबलावर नको.

बांधताना कोणती मापं घेतलीच पाहिजेत?

क्लचचा क्लिअरन्स आधी. कंपनीचा आकडा मिळाला तर तोच पाळा. नसेल तर प्रत्येक फ्रिक्शन प्लेटमागे ०.२५ मि.मी. हा सर्वमान्य अंदाज. सहा प्लेटांना दीड मि.मी. मजबूत बांधणीत ०.१५ ते ०.२० पर्यंत खाली येतात. फार घट्ट ठेवला तर सुटलेला क्लचही चिकटून फिरतो आणि एकही कोड न येता जळतो. फार ढिला ठेवला तर पिस्टन पोचायला वेळ, मधल्या काळात इंजिन मोकळं भणभणतं. माप वेगवेगळ्या जाडीच्या सर्क्लिप किंवा प्रेशर प्लेट बदलून साधायचं. आणि माप घेताना प्लेटा तेलात भिजलेल्या हव्यात, कोरड्या नव्हे.

दुसरं, इनपुट शाफ्टचा एंड प्ले (पुढे-मागे हलण्याची सूट), डायल गेजनं. तिसरं, पंपाच्या गिअर आणि बॉडीमधली फट. पंपाच्या तोंडावर नखाला लागतील असे चरे असतील तर पंप बदला, कारण पंपातून निसटलेलं प्रेशर पुढे कुठेच भरून निघत नाही. चौथं, प्रत्येक बुश. बुश दिसायला क्षुल्लक, पण तो झिजला की ड्रम डुगडुगतो आणि सीलिंग रिंगा शाफ्टवर खाचा पाडतात. टेफ्लॉनच्या रिंगा ताणून चढवल्यावर त्यांना परत मूळ मापात दाबून बसवावं लागतं, नाहीतर ड्रम चढवताना कापल्या जातात.

बॉक्स गाडीला लावण्याआधी चालेल की नाही हे कळतं का?

कळतं. हवा मारून. प्रत्येक क्लचच्या तेलाच्या भोकात ३० ते ४० पीएसआय कोरडी हवा द्या. ‘ठक्’ असा ठाम आवाज आला आणि हवा काढताच पिस्टन परत आला, तर सील ठीक. नुसतं ‘फुस्स’ झालं तर सील दुमडलंय किंवा कापलंय. शंभर पीएसआय मारून समाधान करून घेऊ नका, तेवढ्या जोरात फाटकं सीलही हलतं. ही दहा मिनिटं वाचवणारा उस्ताद पुढे बॉक्स दुसऱ्यांदा उतरवण्यात दोन दिवस घालवतो.

बसवताना कोणत्या चुका होतात?

सगळ्यात मोठी : कन्व्हर्टर पूर्ण आत न बसवता बॉक्स इंजिनला आवळणं. कन्व्हर्टर फिरवत आत ढकलला की साधारण तीन टप्प्यांत खटखट बसतो : स्टेटर, इनपुट शाफ्ट, पंप. बॉक्स इंजिनला पूर्ण टेकल्यावर कन्व्हर्टर हातानं मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत (इंजिनला लागलेल्या चकतीपर्यंत) ३ ते ५ मि.मी. फट राहिली पाहिजे. बोल्टनं बॉक्स ओढून टेकवावा लागत असेल तर थांबा. पंप तिथल्या तिथे फुटतो.

बेलहाउसिंगच्या दोन डॉवेल पिना आहेत का बघा. मागच्या कुणीतरी त्या हरवलेल्या असतात. कन्व्हर्टरमध्ये आधीच लिटरभर तेल भरा. आणि ज्या गाड्यांत अ‍ॅल्युमिनियमचे बोल्ट येतात, ते एकदाच वापरायचे.

तेल कोणतं, किती, आणि लेव्हल कशी बघायची?

६एचपी ला लाइफगार्ड ६, ८एचपी ला लाइफगार्ड ८, ६आर८० ला मर्कॉन एलव्ही, टोयोटाच्या आयसिनला एटीएफ डब्ल्यूएस. ‘सगळ्या गाड्यांना चालणारं’ तेल टाळा. घर्षणाचा स्वभाव बदलला की लॉकअप थरथरतो. चेंबर उतरवला तर पाच-सहा लिटर निघतं, पूर्ण बांधणीनंतर त्यापेक्षा बरंच जास्त लागतं. १२ लिटर आणून ठेवा.

लेव्हलची गंमत नागपुरात वेगळीच आहे. झेडएफची लेव्हल तेल ३० ते ५० अंशांवर असताना, इंजिन चालू ठेवून, सगळे गिअर एकदा फिरवून, भरायच्या बुचातून हलकी धार यायला लागली की बुच लावून ठरवतात. मे महिन्यात दुपारी उभ्या गाडीचं तेल आधीच ४५ वर असतं. इंजिन सुरू करून जॅकखाली पोचेपर्यंत पन्नाशी ओलांडते. फुगलेलं तेल जास्त वाहून जातं आणि थंड झाल्यावर लेव्हल कमी भरते. हे काम पहाटे करा, स्कॅनरवर तेलाचं तापमान बघत.

जादा कूलर लावायचाच का?

रीमॅप, ट्रेलर किंवा रोजचं शहरातलं चालवणं असेल तर हो. नळ्या-पंख्यांच्या जुन्या प्रकारापेक्षा स्टॅक्ड प्लेटचा घ्या, रेडिएटरमधल्या मूळ कूलरनंतर मालिकेत जोडा, आणि स्वतःचा पंखा द्या. एसी कंडेन्सरच्या अगदी पुढे दाबून लावला तर एसी थंडावा सोडतो. पाइप एटीएफसाठीचाच, पेट्रोलचा नव्हे. नागपूरच्या थंडीत सकाळी पारा दहापर्यंत उतरतो, तेव्हा थर्मोस्टॅट असलेला ब्लॉक असावा. अति थंड तेलही वाईटच.

बॉक्स जळाला असेल तर जुना कूलर धुण्याच्या फंदात पडू नका, बदला. नव्या जोडणीनंतर परतीचा पाइप बादलीत सोडून प्रवाह बघा : आयडलवर वीसेक सेकंदांत सुमारे लिटरभर यायला हवं. दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या दिवसांत ग्रामीण भागात फिरणाऱ्या गाड्यांच्या कूलरच्या जाळीत बोंडाचे तंतू आणि गवताच्या कुसळांचा थर बसतो. हलक्या पाण्यानं आतून बाहेर धुवा, प्रेशर वॉशरनं पंख मोडतात.

समृद्धीवर १२० नं तासन्‌तास चालवलं तर नव्या बॉक्सला त्रास होईल?

उलट तो त्याचा आराम आहे. वरचा गिअर, लॉकअप घट्ट, कूलरवर भरपूर वारा. तेल तापतं ते सीताबर्डीच्या गर्दीत, एसी लावून, पुढे-मागे सरकताना. ८० ते ९५ अंश सामान्य. ११० ओलांडलं तर पाय हलका करा. १२० दिसलं तर बाजूला घ्या, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा. लगेच बंद करू नका, कूलरमधून तेल फिरायला हवं. समृद्धीवर जाण्याआधी टायर बघा, बॉक्सपेक्षा त्यांची काळजी जास्त हवी.

बांधल्यानंतर पहिले हजार किलोमीटर कसे चालवायचे?

अ‍ॅडॅप्टेशन शून्य करा आणि तेल ६० च्या वर गेल्यावर हलक्या पायानं सगळ्या गिअरमधून वर-खाली जा. ब्रेक न लावता, नुसता पाय काढून गाडी थांबेपर्यंत सोडणं, हेही वीसेक वेळा करा. खाली येणाऱ्या शिफ्ट त्यातच शिकल्या जातात. जबलपूर रोडला मनसरपर्यंत जाऊन येणं या कामाला पुरतं. पहिले ५०० किलोमीटर किकडाउन (अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून खालचा गिअर पाडणं) आणि स्टॉल टेस्ट (ब्रेक धरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर) नाही. १,००० ते १,५०० ला तेल आणि फिल्टर बदला. जुन्या तेलात थोडा करडा गाळ असणारच. महागड्या तेलाचं जिवावर येतं, पण जुळणीतला उरलासुरला चुरा याच वेळी बाहेर पडतो.

कुर्ला किंवा मायापुरीतून जुना बॉक्स आणून टाकला तर?

चालू गाडी असेल, वाढीव टॉर्क नको असेल तर हा मार्ग वाईट नाही. पण त्याचं वय, तेल आणि मेकाट्रॉनिकचं सॉफ्टवेअर तुमच्या गाडीशी जुळायला हवं. बसवण्याआधी चेंबर उतरवून बघू देत नाही, अशा विक्रेत्याकडून घेऊ नका. मजबुतीच्या कामासाठी मात्र तुमचा स्वतःचाच बॉक्स बरा. त्याचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे.

पुरात बॉक्समध्ये पाणी गेलं तर?

२३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओसंडली तेव्हा पाण्यात गेलेल्या अनेक गाड्यांचा हा प्रश्न होता. बॉक्सला हवा खेळायला ब्रीदर असतो. गरम बॉक्स पाण्यात बुडाला की थंड होताना तो ब्रीदरमधून पाणी ओढतो. तेल दुधाळ गुलाबी झालं असेल तर इंजिन सुरू करू नका. पाणी काही तासांतही फ्रिक्शन प्लेटचा डिंक सैल करतं आणि कागद सोलला जातो. नुसतं तेल दोनदा बदलून दोन-तीन महिने गाडी चालते, मग प्लेटा सुटतात. दुधाळ तेलात चाललेला बॉक्स उघडूनच बघावा लागतो. रेडिएटरमधला कूलर फुटूनही तेल असंच होतं, तेव्हा कूलंटमध्ये तेलाचे डोळे दिसतात का तेही बघा.

आरटीओ आणि विम्याचं काय?

आतल्या प्लेटा, सील, कूलर यांनी आरसीवरची कोणतीही नोंद बदलत नाही. इंजिन बदलणं, आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतं. रीमॅप विमा कंपनीला न कळवता केला असेल, तर दाव्याच्या वेळी वाद होऊ शकतो.

अंदाजपत्रकात काय काय लिहून घ्यायचं?

क्लच किट, स्टील, सील किट, बुश, फिल्टर-चेंबर, व्हॉल्व्ह बॉडीचं काम, कन्व्हर्टर, कूलर, तेलाचे लिटर आणि दर, प्रोग्रॅमिंग, आणि १,००० किलोमीटरचं दुसरं तेल. प्रत्येक ओळ वेगळी. ‘फुल ओव्हरहॉल’ अशी एकच ओळ असेल तर त्यात कन्व्हर्टर नसतो, हे गृहीत धरा. जुने पार्ट परत मागा. काढलेल्या प्लेटा बघूनच पुढच्या वेळचं निदान सोपं होतं.

बॉक्स बंद पडला तर गाडी ओढून नेता येते का?

चारही चाकं उचलणाऱ्या फ्लॅटबेडवरच. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि चाकं फिरत राहिली तर आतले गिअर कोरडे फिरतात. बुटीबोरीहून नागपूरपर्यंत दोरीनं ओढत आणलेल्या गाडीत एका क्लचच्या कामाचं संपूर्ण गिअरसेटचं काम होऊ शकतं.